रेस कारला ड्युको मारावा की विनाइल रॅप करावा?

पिटलेन_पुणे

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट टीम जानेवारीत कोइंबतूरला, करी मोटर स्पीडवेवर, फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेस कारच्या स्पर्धेत उतरणार आहे. चॅसी तयार आहे, इंजिन बसलंय, सस्पेन्शनची जुळवाजुळव चालू आहे. आता बॉडीवर्कवरून टीममध्ये दोन तट पडलेत. नाक, दोन्ही साइडपॉड (बाजूचे फुगीर भाग) आणि मागचं कव्हर ग्लास फायबरचं आहे, सगळं मिळून पाचेक चौरस मीटर भरेल. एक तट म्हणतो, सरळ गॅरेजमध्ये नेऊन ड्युको, म्हणजे फवारणीचा रंग, मारून घ्या. दुसरा म्हणतो, विनाइल रॅपच करा, म्हणजे चिकटणारी प्लास्टिक फिल्म चढवा, कारण स्पॉन्सर शेवटच्या आठवड्यापर्यंत येत-जात राहतात.

रॅपमुळे गाडी हलकी होते हे खरं का? कोपऱ्यावरच्या रेडियमच्या दुकानातलं शीट चालेल का? आणि हे काम वर्कशॉपमध्ये आमचं आम्हाला जमेल का? इथे रॅपिंगच्या धंद्यातले, रॅलीवाले, डिझाइनवाले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर विचारतोय.

रेडियमवाला_भोसरी

शीटपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक रॅप तिथेच फसतात.

विनाइल दोन जातींचं. पहिलं कॅलेंडर्ड. यात पीव्हीसीचा गरम लगदा रोलरांमधून दाबत दाबत पातळ करतात. तो ताण शीटमध्येच राहून जातो आणि ऊन लागलं की ते आखडायला लागतं. दुकानाची पाटी, टेम्पोच्या मागचं नाव, बाइकच्या टाकीवरचा पट्टा, अशा कामाला ते उत्तम. तुमच्या नाकासारख्या दोन्ही बाजूंनी वळणाऱ्या आकारावर लावलंत तर थोड्याच दिवसांत कडा मागे सरकतात, उघड्या पडलेल्या डिंकावर धूळ बसते आणि भोवतीनं काळी रेघ दिसायला लागते. कुठल्याही जुन्या रिक्षाच्या स्टिकरची कड बघा, तीच ती रेघ.

दुसरं कास्ट. यात पीव्हीसी पातळ द्रवासारखं पसरवून भट्टीत सुकवतात. कुणी ओढलेलं-दाबलेलं नसल्यामुळे त्यात ताण जवळजवळ नसतोच. जाडी साधारण ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वळणावर मऊ बसतं आणि बसलेलं राहतं. रेस कारला कास्टच. थ्रीएमची २०८०, एव्हरी डेनिसनची एसडब्ल्यू ९००, ओराफोलची ९७० या रंगीत फिल्म बाजारात मिळतात. डिझाइन छापून घ्यायचं असेल तर छपाईची कास्ट फिल्म वेगळी मागा आणि वरचं लॅमिनेशनही (छपाईवर चढवायची पारदर्शक फिल्म) कास्टच घ्या. खाली चांगली फिल्म आणि वर स्वस्त कॅलेंडर्ड लॅमिनेट अशी काटकसर केली की वरचा थर आखडतो आणि खालच्याला घेऊन उठतो.

पाण्याबद्दल एक गोष्ट. रेडियमच्या दुकानात साबणाचं पाणी फवारून शीट सरकवत लावायची पद्धत आहे. साध्या शीटला ती ठीक आहे. पण आजकालच्या रॅप फिल्मच्या डिंकात हवा निघून जायला बारीक नाल्या असतात. पाणी त्यांत अडकलं तर डिंक धरतच नाही. या फिल्म कोरड्याच लावायच्या.

पिटलेन_पुणे

दादा, हे सोनं आहे. आमच्या ट्रेझररने जे कोटेशन आणलंय त्यात फक्त 'विनाइल प्रिंट विथ लॅमिनेशन' एवढंच लिहिलंय. जात विचारून घेतो.

मायक्रॉन

वजनाचा हिशेब कागदावर करून बघू. ५० मायक्रॉन फिल्म आणि ५० मायक्रॉन लॅमिनेट, पीव्हीसीची घनता १.३५ धरली तर चौरस मीटरला १३५ ग्रॅम. दोन्ही थरांचा डिंक मिळून आणखी ५० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १८५ ग्रॅम, पाच चौरस मीटरला सुमारे ९०० ग्रॅम. रंगाचे थर, म्हणजे प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून सुकल्यावर १०० ते १२० मायक्रॉन धरले तर वजन ७०० ते ८५० ग्रॅम येतं. तेव्हा छापील, लॅमिनेट केलेला रॅप रंगापेक्षा हलका नाही. रॅपखाली प्रायमरचा हात दिलात तर उलट जडच. लॅमिनेशन नसलेली रंगीत फिल्म थोडी हलकी पडेल, एवढंच.

वजन खरंच वाचतं ते काहीच न लावल्याने. २०२३ ची मर्सिडीजची फॉर्म्युला वन गाडी, डब्ल्यू१४, काळी दिसायची ती याचसाठी. बराचसा कार्बन उघडाच ठेवला होता. ७९८ किलोच्या किमान वजनाशी झगडणाऱ्या टीमला ते काही ग्रॅम हवे होते. १९३४ साली ७५० किलोच्या मर्यादेत बसण्यासाठी मर्सिडीजच्या मेकॅनिकांनी पांढरा रंग खरवडला आणि चंदेरी पत्रा उघडा पडला, ही गोष्टही सगळ्यांनी ऐकली असेल. तिच्या खरेपणावर इतिहासकारांत वाद आहेत, पण रंगाला वजन असतं हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं.

तुमच्या गाडीत अर्धा-पाऊण किलो वाचवायला याहून सोप्या जागा सापडतील. वजनावर हा निर्णय घेऊ नका.

रेडियमवाला_भोसरी

मायक्रॉन यांच्याशी सहमत. वजनासाठी कुणी रॅप करत नाही. रॅप करायचा तो बदलता येतो म्हणून, आणि या धाग्यात माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे. रस्त्यावरच्या गाडीचा रॅप पाच वर्षं टिकावा म्हणून करतात. रेसच्या गाडीचा रॅप एका रात्रीत एक पॅनेल बदलता यावं असा आखायचा. ट्रॅकवरच्या कोनना गाडी घासणार, नाक कशाला तरी लागणार, शुक्रवारी नवा स्पॉन्सर येणार. तेव्हा आख्खं डिझाइन सोलायची वेळ येता कामा नये.

म्हणून: १.५२ मीटरच्या रोलमधून नाक आणि साइडपॉडचा बराच भाग एका तुकड्यात निघेल, पण तसं करू नका. जिथे बॉडीचे तुकडे एकमेकांना मिळतात तिथेच फिल्मचे सांधे ठेवा. प्रत्येक पॅनेल गाडीवरून उतरवून, टेबलावर ठेवून रॅप करा आणि कड आतल्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर दुमडा. स्पॉन्सरचे लोगो मूळ छपाईत घालू नका, वरून वेगळे कापून लावा. नाकाचा आणि पुढच्या विंगच्या टोकांचा एकेक जादा संच छापून, लॅमिनेट करून सोबत न्या. रोल गुंडाळताना छापलेली बाजू बाहेर ठेवा, घडी अजिबात घालू नका.

एका पॅनेलवर दोन तुकडे जोडावेच लागले तर कौलं शाकारतात तसं करा: आधी मागचा तुकडा, मग त्यावर चढणारा पुढचा. वारा पुढून येतो, त्याला उचलायला कड मिळता कामा नये.

शार्लटची_मीरा

रेडियमवाला यांच्या मुद्द्याला माझ्याकडून दुजोरा. मी अमेरिकेत शार्लटला राहते, नॅस्कार या तिथल्या मोठ्या कार रेसिंग मालिकेच्या बहुतेक टीम्सचे कारखाने याच परिसरात आहेत. इथे एकाच नंबरच्या गाडीचा मुख्य स्पॉन्सर दर आठवड्याला बदलू शकतो. मागच्या रविवारी पिवळी असलेली गाडी या रविवारी निळी. रंगकाम करून हे शक्यच नव्हतं, विनाइलमुळे झालं. २०२२ ला नवी नेक्स्ट जेन गाडी आली तेव्हा दारावरचा नंबर पुढच्या चाकाकडे सरकवला. मागे स्पॉन्सरला मोठी सलग जागा मिळावी हा त्यातला हेतू. जुने चाहते तेव्हा फार चिडले होते. मलाही दारावर मधोमध बसलेला नंबरच देखणा वाटतो.

पण रॅपखाली काय दडलंय यावरून एक शर्यत हातची गेली, ती हकिकत इथे सांगायलाच हवी. जुलै २०२२, पोकोनोचा ट्रॅक. डेनी हॅमलिन पहिला आला आणि त्याच्याच जो गिब्ज रेसिंग टीमचा काइल बुश दुसरा. शर्यतीनंतरच्या तपासणीत पुढच्या बंपरवरचा रॅप काढला, तर खाली दोन्ही कोपऱ्यांत पारदर्शक विनाइलचा एकेक जादा तुकडा. टीमने स्वतःच नंतर मापं दिली: दोन इंच रुंद, साडेपाच इंच लांब, जाडी ०.०१२ इंच. म्हणजे ०.३ मिलिमीटर! दोघेही बाद झाले आणि तिसरा आलेला चेस एलियट विजेता ठरला. नॅस्कारच्या मुख्य मालिकेत जिंकलेल्या गाडीला असं बाद करण्याची वेळ १९६० नंतर पहिल्यांदा आली होती. टीमने अपीलही केलं नाही.

त्या गाडीची बॉडी ठरलेल्या पुरवठादाराकडून येते, तिचा आकार बदलायला मनाई आहे. पुढच्या चाकाच्या अगदी पुढ्यात ०.३ मिलिमीटरचा उंचवटासुद्धा आकारातला बदलच. मला तो निकाल पूर्ण योग्य वाटला.

मायक्रॉन

मीराताई, हा किस्सा इतक्या तपशिलात माहीत नव्हता. ०.३ मिलिमीटर म्हणजे आपल्या हिशेबातल्या फिल्म, लॅमिनेट आणि डिंक यांच्या एकूण जाडीच्या दुप्पट. जुन्या फिल्मवर नवी फिल्म चढवत गेलं तर दोन रॅपमध्ये तेवढी जाडी नकळत होते. विंगच्या पुढच्या कडेवर हे लक्षात ठेवा. तिथे दर वेळी जुनं सोलूनच नवं लावायचं.

पिटलेन_पुणे

आमच्या विंग्ज आम्ही उघड्या कार्बनच्याच ठेवणार होतो, आता ते पक्कं. ग्लास फायबरच्या पार्टवर थेट रॅप बसेल का? पार्ट साच्यातून काढलेत, तसेच पडलेत.

रेडियमवाला_भोसरी

थेट नाही बसणार. पार्ट सुटावा म्हणून साच्याला लावलेलं मेण, रिलीज वॅक्स, पार्टवर उतरलेलं असतं. हाताला गुळगुळीत लागतं, डोळ्याला दिसत नाही, आणि त्यावर जगातला कुठलाही डिंक टिकत नाही. आधी वॅक्स काढायच्या सॉल्व्हंटने पुसा, दर वेळी फडक्याची स्वच्छ घडी वापरा, नाहीतर तेच मेण सगळीकडे पसरतं. मग पॉलिश पेपर मारा, टाचणीच्या टोकाएवढी भोकं पुटीने भरा, पुन्हा घासा. जेलकोट (ग्लास फायबरवरचा गुळगुळीत वरचा थर) नसेल, उघडे धागे दिसत असतील तर टू-के (हार्डनर मिसळून लावायच्या) प्रायमरचा एक हात हवाच.

रॅप खालचं काही झाकत नाही. ५० मायक्रॉनची फिल्म आहे, खालचा प्रत्येक दाणा चकचकीत होऊन वर दिसतो. तेव्हा 'रंगाची मेहनत वाचेल' म्हणून रॅप करणार असाल तर ती मेहनत वाचत नाही. घासकाम तेवढंच आहे. ड्युको मारणाऱ्या कारागिरालाही विचारा, त्याची अर्ध्याहून जास्त मजुरी घासण्यात जाते, फवारण्यात नाही.

प्रायमर मारल्यावर घाई करू नका. आतलं सॉल्व्हंट उडून जायला वेळ लागतो. त्याआधी फिल्म लावली तर ते खालून फुगे आणतं. हाच नियम छपाईला: इको-सॉल्व्हंट प्रिंटरवर छापलेली फिल्म किमान एक दिवस मोकळी ठेवून मगच लॅमिनेट करायची. दुकानदार 'संध्याकाळी छापतो, रात्री घेऊन जा' म्हणाला तर थांबायला सांगा.

लावायच्या आदल्या रात्री वर्कशॉप झाडा, त्याच दिवशी नको. फिल्मला १८ ते २५ अंशांची खोली मानवते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी शेडमध्ये फिल्म कडक होते आणि डिंक सुस्त, त्यामुळे दुपारचं काम धरा. पार्ट शेवटचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. स्क्वीजीला (फिल्म दाबायच्या प्लास्टिकच्या पट्टीला) कडेवर फेल्ट असू द्या. मधून सुरू करून बाहेर, एकावर एक चढणारे हात मारायचे. सुरकुती आली तर दाबू नका, उचला, हलकी ऊब द्या, ती आपोआप सपाट होते.

शेवटी कडा आणि खाचा हीट गनने तापवायच्या. फिल्मच्या माहितीपत्रकात तापमान दिलेलं असतं, बहुतेक ९० ते ११० अंशांच्या दरम्यान. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, अंदाजाने नको. ही पायरी गाळली की फिल्म ताणलेल्या जागी परत आखडते. पण तुमचा पार्ट ग्लास फायबरचा आहे. घरच्या तापमानाला सेट झालेलं रेझिन तेवढ्या उष्णतेला मऊ पडू शकतं, म्हणून गन सतत फिरती ठेवा, एका जागी थांबू नका. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा.

आणि ब्लेड! पार्टवर ठेवून फिल्म कापू नका. ब्लेडची रेघ जेलकोटमध्ये उतरते आणि पुढे तिथूनच तडा जातो. नाइफलेस टेप मिळते: आधी टेप लावायची, वरून फिल्म, मग टेपमधला दोरा ओढायचा की फिल्म स्वच्छ कापली जाते.

चित्रलिपी

मी ग्राफिक डिझायनर आहे, त्यामुळे माझा जीव दिसण्यात. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच गाड्यांवर मी एकच गोष्ट बघते: लॅपटॉपवर सुंदर दिसणारं, बारीक रेघांचं, चार छटांचं डिझाइन. कडेला उभं राहून बघितलं की पन्नास मीटरवर त्याची राख होते. डिझाइन मंजूर करण्याआधी त्याची छपाई काडेपेटीएवढी करा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावा. जे वाचता येतं तेवढंच ठेवा.

रेस कारवर चित्र काढण्याच्या दोन टोकांची उदाहरणं बीएमडब्ल्यूच्या आर्ट कार्समध्ये, म्हणजे नामवंत चित्रकारांकडून सजवून घेतलेल्या गाड्यांमध्ये, आहेत. १९७९ मध्ये अँडी वॉरहॉलने एम१ स्वतःच्या हाताने, ब्रशने, अर्ध्या तासाच्या आत रंगवली. ती गाडी त्याच वर्षी ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत धावली आणि एकूणात सहावी आली. २०१० मध्ये जेफ कून्सने एम३ जीटी२ केली, ती मात्र डिजिटल छापलेल्या विनाइलची. शेकडो रंगीत रेघा पुढून मागे सुसाट फुटत गेलेल्या, आणि वॉरहॉलच्या वर्षाची आठवण म्हणून नंबर ७९. ही गाडी ल मॉंची शर्यत पुरी करू शकली नाही. पण मला तिच्यातली एक गोष्ट फार आवडते: गाडी उभी असतानाही रेघा धावताना दिसतात, कारण त्या बॉडीच्या वळणांवरून तशाच वाहवल्यात. २०२४ ची ज्यूली मेहरेतूची गाडीही फिल्मचीच. तिचं मूळ चित्र सपाट कॅनव्हासवरचं, ते गाडीच्या त्रिमित आकारावर बसवून मग फिल्मवर उतरवलं.

तुमच्यासाठी यातून घ्यायचं ते एवढंच: सपाट पानावर डिझाइन करून मग 'चिकटवू' म्हणू नका. तुमच्याकडे गाडीचं कॅड मॉडेल (कॉम्प्युटरवरचं त्रिमित चित्र) आहेच. पॅनेल उलगडून त्याचा सपाट नकाशा काढा, त्यावर डिझाइन करा. प्रत्येक बाजूला पाच सेंटिमीटर जादा छपाई सोडा. लोगो व्हेक्टर फाइलमध्ये मागवा, कितीही मोठे केले तरी ते फुटत नाहीत. व्हॉट्सअॅपवरून आलेला जेपेग कुठल्याही स्पॉन्सरकडून स्वीकारू नका, मग तो कितीही मोठा असो.

स्क्रुटिनी

मुलांनो, तपासणीच्या टेबलामागे मी बरीच वर्षं बसलोय. लिव्हरीवरून (गाडीवरचे रंग, आकडे, लोगो) गाड्या अडतात आणि तेव्हा फार वाईट वाटतं, कारण चूक पाच मिनिटांची असते.

फॉर्म्युला स्टुडंटमध्ये आकड्यांची उंची किमान १५० मिलिमीटर लागते, पुढे आणि दोन्ही बाजूंना. आधी आकडे ठेवा, मग त्यांच्याभोवती डिझाइन रचा. मुख्य स्विचची खूण म्हणजे पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल वीज. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या नियमांत तिचा पाया किमान १२ सेंटिमीटरचा. अग्निशामकाची खूण लाल कडेच्या पांढऱ्या वर्तुळात लाल 'ई', व्यास किमान १० सेंटिमीटर. टो हुक (गाडी ओढून न्यायची कडी) ठळक पिवळा, लाल किंवा केशरी. निळ्या गाडीवर निळा त्रिकोण हरवतो, तेव्हा त्याच्या मागे पांढरा चौकोन द्या. मार्शलला धुरात तो स्विच दिसायला हवा, एवढ्याच नजरेने डिझाइन एकदा तपासा. तुमच्या स्पर्धेचं या वर्षीचं रूलबुक मात्र शब्दन् शब्द वाचा, मापं स्पर्धेगणिक वेगळी असू शकतात.

रोल हूप (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी नळीची कमान), वेल्ड, सीटबेल्टची माउंटिंग, यांतल्या कशावरही फिल्म नको. तिथे तडा गेलाय का हे आम्हाला डोळ्यांनी बघायचं असतं. हेल्मेटवर बनवणाऱ्या कंपनीला विचारल्याशिवाय स्टिकर लावू नका. काही कवचांच्या प्लास्टिकला डिंकातलं सॉल्व्हंट खातं.

नाशिककर_रॅलीवाला

सर्किटवाल्यांना एक सुख आहे, दगड नाहीत. रॅलीत दाराखालच्या पट्टीवर आणि मागच्या चाकाच्या पुढे विनाइल एका स्टेजमध्ये चाळण होतं. तिथे आम्ही वरून पीपीएफ चढवतो. ती पारदर्शक युरेथेनची फिल्म, १५० ते २०० मायक्रॉनची, दगडाचा मार खाऊनही फाटत नाही. तुमच्या गाडीतही पुढच्या चाकांच्या मागे साइडपॉडच्या तोंडावर रबराचे तुकडे आणि खडी बसणार. तेवढ्या भागाला पीपीएफचा पट्टा पुरे.

रॅलीचा विचार करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. दोन स्टेजच्या मध्ये गाडी सार्वजनिक रस्त्यावरून जाते. आरसी बुकात रंग लिहिलेला असतो आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही. पांढऱ्या गाडीवर पट्टे आणि लोगो वेगळे, आख्खी गाडी काळी करणं वेगळं. मूळ रंग ठळक दिसेल अशी लिव्हरी ठेवणं सोयीचं.

पेट्रोल भरायच्या तोंडाभोवती कड ठेवू नका. इंधन सांडलं की डिंक सुटतो.

पिटलेन_पुणे

आज टीमची मीटिंग झाली. धागा प्रोजेक्टरवर लावून वाचला! ठरलं ते असं: विंग्ज आणि एक्झॉस्टजवळचं कव्हर उघडं. नाक आणि साइडपॉड घासून, प्रायमर मारून, साध्या रंगीत कास्ट फिल्मने रॅप करायचे. छापील डिझाइनचा बेत रद्द, दोनच रंग, सांधे पॅनेलच्या सांध्यांवर. आकडे, त्रिकोण आणि 'ई' आधी, लोगो सगळ्यात शेवटी आणि वेगळे कापलेले. ड्युकोवाला तट घासकामाला तयार झालाय, ही मोठी गोष्ट.

एक शंका उरली. स्पर्धेनंतर फिल्म काढताना प्रायमर सोलून येईल का?

रेडियमवाला_भोसरी

प्रायमर नीट घासलेल्या पार्टवर बसला असेल आणि पूर्ण सुकला असेल तर नाही येणार. गार फिल्म ओढू नका. हीट गनने कोमट करा, कोपरा उचला आणि पार्टला जवळजवळ चिकटून, उलट दिशेने, सावकाश ओढा. सरळ वर ओढली की फिल्म तुटते आणि डिंक खाली राहतो. राहिलाच तर सिट्रस क्लीनर लावून थोडं थांबा आणि प्लास्टिकच्या स्क्रॅपरने काढा, थिनर नको. उन्हात वर्षभर ठेवून मग काढायला बसलात तर तुकड्या-तुकड्याने निघते, म्हणून कोइंबतूरहून परत आलात की त्याच महिन्यात काढा.

रोल कापायच्या आधी भोसरीला चक्कर मारा. टाकाऊ कास्ट फिल्म आणि एक जुना बंपर देतो, त्यावर मुलांचा हात बसू दे.